भंगारातला सिंथेसायझर: खेळणं कधी संशोधन होतं?

"लॅबच नाही, मग प्रयोग कुठून करायचा?" पेट, नेट, सेटची तयारी करणाऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो, आणि तालुक्याच्या गावाहून विचारलेला असेल तर जरा जास्तच जोरात येतो. आज उत्तर एका उदाहरणातून देतो. उदाहरण आहे इलेक्ट्रॉनिक संगीताचं: जुना रेडिओ, बिघडलेला टेपरेकॉर्डर, बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणि लॅमिंग्टन रोडवर सुटी मिळणारी एक चिप यांतून बनवलेलं सिंथेसायझरचं मॉड्यूल. ठिकाण धरू या उंबरमाळी. मध्य रेल्वेवर खर्डी आणि कसारा यांच्या मधलं, शहापूर तालुक्यातलं हे छोटं स्टेशन. इथे बसून करता आलं, तर कुठेही करता येईल.

पण आधीच सांगतो, वस्तू बनवणं म्हणजे संशोधन नव्हे. यूट्यूब बघून आवाज काढणारी पेटी कुणीही जोडेल. तिच्यातून तपासता येईल असा प्रश्न निघतो का, आणि त्याचं उत्तर दुसऱ्या कुणाला पडताळता येईल का, इथे खरी परीक्षा आहे. सिनॉप्सिस मंजूर होतो की परत येतो, हेही बऱ्याचदा तिथेच ठरतं.

मॉड्यूल म्हणजे काय? तारप्याकडे बघा

मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे एकच काम करणाऱ्या सुट्या पेट्यांचा संच. एक पेटी कंपन निर्माण करते (ऑसिलेटर), दुसरी आवाजाचा पोत बदलते (फिल्टर), तिसरी लहान-मोठा आवाज सांभाळते (अँप्लिफायर). वायरी बदलल्या की वाद्य बदलतं.

ठाणे-पालघर पट्ट्यातल्या वाचकाला हे समजायला विलायती उदाहरणाची गरज नाही. तारपा घ्या. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, त्यांच्या आत कंप पावणाऱ्या पातळ पट्ट्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण. वारली चित्रांत गोल फिरणाऱ्या नाचाच्या मधोमध जो माणूस लांबलचक वाद्य घेऊन उभा असतो, ते हेच. भोपळा हवा साठवून दाब टिकवतो, म्हणजे तो झाला पॉवर सप्लाय. पट्टी हा ऑसिलेटर. बोटांची भोकं म्हणजे स्वरनियंत्रण. कर्णा कंपनं बाहेरच्या हवेत नीट पोचवतो.

उपमा इथवर छान चालते. संशोधकाने मात्र ती कुठे मोडते हेही सांगायला हवं. दोन ठिकाणी मोडते. एक, कर्णा स्वतःची ऊर्जा घालत नाही, अँप्लिफायर घालतो. दोन, तारप्यात पट्टी आणि नळी एकमेकींना ओढतात. नळीची लांबी बदलली की पट्टीचं कंपन बदलतं. सिंथेसायझरमध्ये अपेक्षा उलटी असते: पुढची पेटी जोडल्यामुळे मागच्या पेटीचा स्वर हलता कामा नये. घरगुती मॉड्यूलची पहिली परीक्षा हीच. दुसरी पेटी जोडल्यावर स्वर ढळला, तर ते मॉड्यूल नाही, नुसतं सर्किट आहे.

आधी कोण काय करून गेलंय?

साहित्य आढावा म्हणजे नावांची यादी नाही. कोणी कोणतं दार उघडलं आणि कोणतं बंदच राहिलं, याचा तो हिशोब असतो. आपल्या विषयापुरता तो असा मांडता येईल.

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये व्होल्टेजने चालणारी मॉड्यूल्स लोकांसमोर मांडली. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. तो उभारायला संगीतकार डेव्हिड ट्यूडर आले होते. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीच्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून रेकॉर्ड काढली. या सगळ्यांत यंत्र बाहेरून आलेलं आणि महाग.

दुसरी धारा हाताने बनवण्याची. निकोलस कॉलिन्स यांचं हँडमेड इलेक्ट्रॉनिक म्युझिक हे पुस्तक २००६ मध्ये आलं आणि स्वस्त चिपांतून वाद्य बनवण्याची पद्धत जगभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचली. आपल्याकडे या वृत्तीची वेगळी परंपरा आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. 'करता करता शिकणं' हा तिथला पाया, आणि २००२ पासून तिथे फॅब लॅब आहे. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली.

आता मधली रिकामी जागा बघा. एकीकडे महागड्या यंत्रांवरचं संगीत, दुसरीकडे टाकाऊतून शिक्षण. टाकाऊ सुट्या भागांतून बनवलेलं वाद्य सुरात किती टिकतं, हा मोजण्याचा प्रश्न या दोन्हींच्या मध्ये उभा आहे. त्याला लागणारी साधनं तुमच्या आवाक्यातली आहेत.

भंगारातून काय घ्यायचं, काय नाही

घेण्यासारखं: जुन्या रेडिओतला स्पीकर आणि आवाज कमी-जास्त करायचा पोटेन्शियोमीटर (आपण त्याला 'व्हॉल्यूम'च म्हणतो). टेपरेकॉर्डरमधली बटणं, जॅक आणि वायरी. संगीत वाजवणाऱ्या शुभेच्छापत्रातली पितळी पिझो चकती. कार्बनचे रोधक, पॉलिएस्टर कपॅसिटर. पेटीसाठी पत्र्याचा डबा. तो बॅटरीच्या ऋण टोकाला जोडला की घरातल्या वायरिंगची घरघर बऱ्यापैकी अडवतो. स्पीकरला खोकं म्हणून भोपळा किंवा नारळाची करवंटीही चालते.

हात लावायचा नाही: पिक्चर ट्यूबचा टीव्ही, मायक्रोवेव्ह, कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय आणि सीएफएल दिव्याच्या बुडातलं सर्किट. २३० व्होल्टच्या मेन्सवर चालणाऱ्या अशा सर्किटमध्ये मुख्य कपॅसिटर ३२५ व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ भरलेला राहू शकतो. सीएफएलच्या नळीत पारा असतो, ती फुटू देऊ नका. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले सेलही नकोत. आपलं सगळं काम ९ व्होल्टच्या साध्या बॅटरीवर होतं. डाग देताना खिडकी उघडी ठेवा, नंतर हात धुवा. जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं.

एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा: भंगारातला प्रत्येक भाग वहीत चढवा. क्रमांक, कशातून काढला, वर छापलेली किंमत, मल्टिमीटरवर मोजलेली किंमत. चार रकाने पुरेत. ही वही नसेल तर पुढच्या सगळ्या आकड्यांना बूड नाही.

एक ऑसिलेटर, एक हिशोब

चिप घ्यायची सीडी ४०१०६. हिच्यात सहा 'श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर' असतात. इन्व्हर्टर म्हणजे उलटवणारा: आत व्होल्टेज कमी तर बाहेर जास्त, आत जास्त तर बाहेर कमी. श्मिट ट्रिगरची गंमत अशी की त्याच्या दोन रेघा असतात. गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट स्विच आठवा. पाणी खालच्या खुणेखाली गेलं की पंप सुरू, वरच्या खुणेला पोचलं की बंद. मधल्या पट्ट्यात काही बदलत नाही. हे अगदी तसंच.

बाहेरच्या टोकापासून आतल्या टोकापर्यंत एक रोधक जोडा आणि आतल्या टोकापासून ऋण टोकापर्यंत एक कपॅसिटर. कपॅसिटर ही टाकी, रोधक हा पाइप. टाकी वरच्या रेघेपर्यंत भरते, इन्व्हर्टर उलटतो, टाकी रिकामी व्हायला लागते, खालची रेघ आली की पुन्हा उलटतो. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की कानाला स्वर ऐकू येतो.

उत्पादकाच्या डेटाशीटमध्ये १० व्होल्टसाठी वरची रेघ साधारण ५.९ आणि खालची ३.९ व्होल्ट दिलेली आहे. कपॅसिटर भरण्या-रिकामं होण्याच्या लॉगॅरिदमच्या सूत्रात हे आकडे घातले, तर एका फेरीचा काळ येतो: ०.८१ × रोध × धारिता.

१ लाख ओमचा रोधक आणि ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर घ्या. गुणाकार ४.७ मिलिसेकंद. त्याला ०.८१ ने गुणलं की ३.८१ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला सुमारे २६२ कंपनं. हार्मोनियमवर मधल्या सप्तकातली पांढरी एक २६१.६ हर्ट्झची असते. कागदावर तरी बाजाची पेटी आणि भंगाराची पेटी एका सुरात!

जोडताना दोन गोष्टी. चिपमधले बाकीचे इन्व्हर्टर रिकामे सोडू नका, वापरात नसतील त्यांची आतली टोकं ऋणाला बांधा. आणि स्पीकर थेट ऑसिलेटरला लावू नका. ८ ओमचा स्पीकर चिपला झेपत नाही. दुसऱ्या एका इन्व्हर्टरमधून सिग्नल पुढे काढा, मग रोधकांची जोडी लावून तो कमी करा आणि एखाद्या जुन्या कॉम्प्युटर स्पीकरच्या अँप्लिफायरला द्या. मधला इन्व्हर्टर हा आपला उंबरठा. पुढे काहीही जोडलं तरी मागच्या स्वराला धक्का लागायला नको. वर सांगितलेली मॉड्यूलची परीक्षा ती हीच.

हिशोब कुठे फसतो, संशोधन तिथे सुरू होतं

आता डेटाशीट पुन्हा उघडा. 'साधारण' रकान्याच्या शेजारी 'किमान' आणि 'कमाल' असे रकाने आहेत. १० व्होल्टला वरची रेघ ४.६ ते ७.१ मध्ये कुठेही असू शकते, खालची २.५ ते ५.२ मध्ये. या मर्यादांच्या आतली दोन उदाहरणं घेतो. रेघा ६.५ आणि ३.५ असतील तर तेच दोन भाग वापरून स्वर येतो १७२ हर्ट्झ. रेघा ५.५ आणि ४.३ असतील तर ४४१ हर्ट्झ. फरक एका सप्तकापेक्षा जास्त! दोन्ही चिपा कंपनीच्या लेखी बिनदोष.

रोधकाचं बघा. सोनेरी पट्टीचा रोधक ५ टक्के इकडेतिकडे चालतो. स्वरातला ५ टक्के फरक म्हणजे सुमारे ८४ सेंट. पियानोच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट असतं. म्हणजे निव्वळ रोधकाच्या सवलतीत जवळजवळ एक पट्टी गेली. स्वस्त सिरॅमिक कपॅसिटर तर त्याहून सैल, काही प्रकारांत छापलेल्या किमतीपेक्षा ८० टक्क्यांपर्यंत वर जायची मुभा असते. जुना इलेक्ट्रोलिटिक आतून वाळत जातो, त्याची धारिता कमी होते. स्वरासाठी तो वापरूच नये.

हे वाचून कुणी म्हणेल, मग हे वाद्य कामाचंच नाही. थांबा. चिपचा किंवा रोधकाचा कायमचा फरक पोटेन्शियोमीटर फिरवून एकदा जुळवता येतो, जसा तंबोरा मैफलीआधी लावतात. खरी अडचण लावल्यानंतर ढळणाऱ्या स्वराची. ढळण्याची कारणं मुख्यतः दोन: बॅटरी उतरणं आणि तापमान बदलणं. इथून प्रश्न टोकदार होतो.

बॅटरीचं आधी. डेटाशीटमधले ५, १० आणि १५ व्होल्टचे 'साधारण' आकडे सूत्रात घाला. तिन्ही वेळा उत्तर ०.८१. का? रेघा पुरवठ्याच्या प्रमाणातच वरखाली होतात म्हणून. म्हणजे बॅटरी उतरली तरी स्वर हलू नये, असं भाकीत निघतं. पण घरगुती वाद्यवाले बॅटरीच्या वाटेत पोटेन्शियोमीटर घालून चिपला मुद्दाम 'उपाशी' ठेवतात, आणि तेव्हा स्वर चांगलाच ढळतो. भाकीत आणि अनुभव यांचं जमत नाही. कितव्या व्होल्टला भाकीत मोडायला लागतं? मोडतं ते कमी व्होल्टेजमुळे, की वाटेतल्या रोधामुळे पुरवठाच डळमळतो म्हणून? हा झाला संशोधनाचा प्रश्न. एका ओळीत मावतो, मोजता येतो, आणि उत्तर 'नाही' आलं तरी ते उत्तरच असतं.

तापमानाचा प्रश्न पुढच्या पायरीवर जास्त बोचतो. व्होल्टेजने स्वर बदलायचा असेल तर बहुतेक मॉड्यूल्स 'एका सप्तकाला एक व्होल्ट' हा संकेत पाळतात, आणि त्यासाठी ट्रान्झिस्टरचा घातांकी गुण वापरतात. खोलीच्या तापमानाला ट्रान्झिस्टरच्या बेसवर सुमारे १८ मिलिव्होल्ट वाढले की प्रवाह दुप्पट होतो. पण हे १८ मिलिव्होल्ट दर अंशाला सुमारे ०.३३ टक्क्यांनी बदलतात. भरपाई केली नाही, तर १० अंशांच्या फरकाने एक सप्तक सुमारे ४० सेंट चुकतं. पत्र्याच्या घरात सकाळी आणि दुपारी एवढा फरक सहज पडतो. वातानुकूलित स्टुडिओत जे दिसणार नाही ते इथे दिसेल. म्हणजे तुमची जागा ही अडचण नाही, ती प्रयोगाची स्थिती आहे.

मोजायचं कसं?

साधन: मोबाइल आणि वारंवारता दाखवणारं कोणतंही मोफत ध्वनी-विश्लेषण ॲप. फोन स्पीकरसमोर ठेवा, वायरीने जोडू नका. फोनचं स्फटिक-घड्याळ आपल्या ऑसिलेटरपेक्षा कितीतरी स्थिर असतं, म्हणून तुलनेसाठी ते पुरतं.

किती वेळ रेकॉर्ड करायचं? १ सेकंदाच्या रेकॉर्डिंगचं साधं वर्णपट-विश्लेषण सुमारे १ हर्ट्झपर्यंत फरक दाखवतं. २६२ च्या स्वराला १ हर्ट्झ म्हणजे साडेसहा सेंट, म्हणजे फारच जाड. १० सेकंद घेतले तर ०.१ हर्ट्झ, म्हणजे सेंटच्या आत. मात्र त्या १० सेकंदांत स्वर स्थिर आहे हे गृहीत धरलेलं असतं. ते गृहीतक प्रबंधात लिहा.

आता तीन सापळे. परीक्षक नेमके हेच विचारतात.

एक, गुंतलेली कारणं. सकाळी ताज्या बॅटरीवर मोजलं आणि दुपारी उतरलेल्या बॅटरीवर, तर फरक उन्हाचा की बॅटरीचा? तापमान तपासताना दर वाचनाला बॅटरीचा व्होल्टही नोंदवा आणि तो शक्य तितका एकसारखा ठेवा. वाचनांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा.

दोन, खोटी पुनरावृत्ती. एकाच चिपची १० वाचनं म्हणजे १० चिपा नव्हेत. दहा वाचनांवरून त्या एका चिपबद्दल बोलता येतं, सीडी ४०१०६ या जातीबद्दल नाही. जातीबद्दल बोलायचं तर वेगवेगळ्या चिपा लागतील, शक्यतो वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेल्या.

तीन, निवडून ठेवलेले भाग. नीट वाजलं ते ठेवलं, नाही वाजलं ते फेकलं, असं केलंत तर भंगाराची विश्वासार्हता नेहमीच उत्तम दिसणार. फेकलेला भागही वहीत हवा. भंगारातल्या किती भागांनी छापलेली किंमत पाळली, हा स्वतंत्र निष्कर्ष होऊ शकतो.

तारपा बनवणाऱ्याला विचारलंत का?

कुणी म्हणेल, मी भोपळ्याचा स्पीकर करतो आणि तारप्याच्या स्वरांवर सिंथेसायझर लावतो. कल्पना चांगली आहे. पण इथे दुसरं ज्ञान सुरू होतं आणि ते तुमचं नाही. कोणता भोपळा, किती वाळवायचा, पट्टी किती पातळ तासायची, मेण कुठे लावायचं, हे हातातलं ज्ञान आहे. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारखे कलाकार तारपा वाजवतातही आणि बनवतातही. अशा माणसाला प्रबंधात 'स्थानिक माहितीदार क्रमांक ३' करून टाकणं बरोबर नाही.

रेकॉर्डिंगआधी त्यांच्या भाषेत सांगा की आवाज कुठे वापरणार, कोण ऐकणार. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घ्या. नाव द्यायचं की नाही, हे त्यांना ठरवू द्या. काही स्वर विशिष्ट प्रसंगीच वाजवायचे असतील, तर ते तुमच्या डब्यात भरायचे नाहीत. रेकॉर्डिंगची प्रत त्यांच्याकडे पोचवा. आणि स्वर मोजलात की 'बारा पट्ट्यांपेक्षा इतके सेंट चुकीचा' असं लिहू नका. तारपा हार्मोनियमला जुळवायला बनवलेला नसतो. मोजपट्टी तुमची आहे, चूक त्याची नाही.

सिनॉप्सिसमध्ये हे कसं मांडाल?

शीर्षकात 'भंगारातून सिंथेसायझर निर्मिती: एक अभ्यास' असं लिहिलंत, तर समिती विचारणार, अभ्यास कशाचा? त्याऐवजी 'पुनर्वापरित घटकांच्या श्मिट ट्रिगर ऑसिलेटरची स्वरस्थिरता: पुरवठा व्होल्टेज आणि तापमान यांचा परिणाम' असं लिहा. रुक्ष वाटेल, पण बदलणारे घटक कोणते आणि मोजायचं काय, हे शीर्षकातच आलं.

मर्यादा स्वतःहून लिहा: घटकांचं वय माहीत नाही, तापमान नियंत्रित नाही, फक्त नोंदलेलं आहे. मर्यादा लपवली की ती व्हायव्यात बाहेर येते; लिहून ठेवली की ती पद्धतीचा भाग होते. अंदाजपत्रकात चिपा, बॅटऱ्या, मल्टिमीटर, थर्मामीटर आणि प्रवासखर्च मांडा. कलाकाराच्या वेळेचं मानधनही मांडा, ते विसरू नका.

आणि सर्किटचा आराखडा, भागांची वही, कच्ची रेकॉर्डिंग्ज, सगळं जोडा. मुरबाडच्या एखाद्या विद्यार्थिनीने उद्या तुमची वही उघडून तसाच डबा बनवला आणि तिचा स्वर वेगळ्या तऱ्हेने ढळला, तर तिला तुमच्याशी आकड्यांवर भांडता आलं पाहिजे. तसं भांडता येत असेल, तर तुम्ही संशोधन केलंय.

सुरुवात या आठवड्यात करायची असेल तर एवढंच करा: एक चिप, एक रोधक, एक कपॅसिटर, एक बॅटरी. आधी स्वर किती येईल त्याचा हिशोब कागदावर लिहा, खाली तारीख घाला, आणि मगच बॅटरी जोडा. भाकीत आधी, मोजमाप नंतर. क्रम उलटा करू नका.